तुपाच्या जागी

लाइन गेली, कूलर थांबला आणि हुडकेश्वरच्या त्या स्वयंपाकघरात डब्यातल्या लाडवांनी एकमेकांपासून वेगळं राहण्याचा हट्ट सोडून दिला. कुसुमताईंनी झाकण उघडलं तेव्हा आत लापशी होती.

"मोबाइलमधली बाई तर म्हणे, गोठलेलं खोबरेल तुपासारखंच चालते."

"थंड्या मुलुखातली असन ती," त्यांचे यजमान नत्थूजी पेपराआडून म्हणाले. "नागपुरात मे महिन्यात माणूस धड घट्ट राहत नाही, खोबरेल काय राहीन? अन् वास पाय. खावं का डोक्याले चोळावं?"

कुसुमताई हसल्या नाहीत. बाळंतपणाला आलेली लेक हिमानी आतल्या खोलीत होती. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं, म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरांनी हिमानीला दूध, दही, तूप खायला मनाई केली होती; तिच्या दुधातून ते बाळाला बाधत होतं. तेव्हापासून पोरगी कोरड्या वरणभातावर. तिला अन्न जाईना, बाळाला दूध पुरेना. आणि तूप नाही म्हणजे डिंकाचे लाडू नाहीत.

"डालडा टाक ना वं."

"बाळंतिणीले डालडा? माझ्या बाळंतपणात तुमच्या मायनं देल्ला होता काय?"

नत्थूजी पेपरात परतले.

जवसाचं तेल घालून पाहिलं. हात तुळतुळीत झाले, लाडू वळला नाही. केळं कुस्करलं, पण ते या उन्हात संध्याकाळपर्यंतही टिकलं नसतं.  मग कुसुमताईंनी ओट्याखालून लोखंडी खलबत्ता ओढला आणि तीळ, शेंगदाणे भाजायला घेतले.

"संक्रांत कवाच होऊन गेली वं," नत्थूजी म्हणाले.

"आई, मिक्सरमधून काढ ना," आतून हिमानी.

"मिक्सर काय तुह्या बाबाच्या बोलण्यावर चालते?"

त्या कुटत राहिल्या. पदरानं घाम पुसायचा, पुन्हा कुटायचं. कूट आधी कोरडं होतं. मग ओलसर झालं, मग चकाकलं आणि शेवटी तेल सोडून बत्त्यालाच चिकटून बसलं. नत्थूजींचा पेपर केव्हा खाली आला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वरून तुपाचा नाही, कशाचाच थेंब पडला नव्हता. गूळ, खारीक आणि तिळाच्या तेलात फुलवलेला डिंक घालून कुसुमताईंनी मूठ आवळली. लाडू वळला. ताटलीत टाकला, तर ठक्‌ वाजला.

हिमानी बाळाला पाजत बसली होती. तिनं एक लाडू खाल्ला. कसा झाला ते सांगायला तोंड रिकामं नव्हतं. तिनं नुसता हात पुढे केला. कुसुमताईंनी दुसरा ठेवला, मग तिसरा.

तेवढ्यात दारातून आणखी एक हात पुढे आला.

"तुमी काय बाळंतीण आहा?" कुसुमताईंनी विचारलं.

नत्थूजींनी हात मागे घेतला नाही.