लाकूडतोड्या

"जर्मन बाईला चहाला बोलावलंयस. गाव तोंडात शेण घालेल," विल्फची बायको एडना म्हणाली. पण केकसाठी जपून ठेवलेली साखर तिनं काढलीच.

"घालू दे," विल्फ म्हणाला. "तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकेल असा या गावात मी एकटाच आहे."

लढाईत तो बॉम्बफेकी विमानावर होता. पालथं पडून, काचेतून खाली बघत बटण दाबायचं, हे त्याचं काम. आगीच्या उजेडात खाली घरं दिसायची, ती त्याला बघवायची नाहीत. आल्टेनरोडे या जर्मन शहरावर तर बटण दाबायला त्याचं मन धजेना. शहराच्या अलीकडे दाट रान होतं. दर खेपेला तिथंच बटण दाबून तो मोकळा व्हायचा.

विमानातल्या कॅमेऱ्यानं चुगली केली. फोटोत नुसती झाडं!

"सरपण हवं होतं का रे, लाकूडतोड्या?" कॅप्टन कडाडला. विल्फला विमानावरून उतरवलं, बटाटे सोलायला बसवलं. लढाई संपली, तरी नाव काही सुटलं नाही. पबमध्ये डिक अजून त्याच्यापुढे काडेपेटी सरकवायचा. "घे गड्या, जळण!" सगळे खो खो हसायचे. विल्फ आतल्या आत जळायचा, पण खरं कारण एडनाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता दूधवाल्या फ्रेडनं बायको आणली, हेडविग; ती नेमकी आल्टेनरोडेची. ते शहर वाचलं, एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मग गाव काय वाटेल ते म्हणो.

हेडविग आली. केक बघून लाजली.

"तुमचं घर... उभं आहे?" विल्फनं विचारलंच.

"आहे की! खिडकीची काचसुद्धा तडकली नाही. आमच्या अख्ख्या गल्लीवर एक बॉम्ब पडला नाही."

विल्फची मान इतक्या वर्षांनी ताठ झाली. एडनानं डोळे पुसले. "सांग ना आता तिला," ती हळूच म्हणाली.

"सांगतो. म्हणजे आईवडील अजून तिथंच असतील तुमचे?"

हेडविगनं कप खाली ठेवला.

"मी कारखान्यात रात्रपाळीला असायचे, म्हणून उरले. बाबांचा घरावर भरवसाच नव्हता हो. दिवस मावळला की आईला नि धाकट्यांना घेऊन शहराबाहेरच्या रानात निजायला जायचे. निम्मी गल्ली जायची त्यांच्यामागे. म्हणायचे, झाडांवर कोण कशाला बॉम्ब टाकेल?"