दारातली सरकारी गाडी

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या घरासमोर सरकारी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा पुरुषोत्तमरावांना काही उलगडेना. त्यांची लेक ऋजुता सहा महिने अंतराळात राहून नुकतीच घरी आली होती. जी बाई यान चालवते, तिला तपासणीला न्यायला ड्रायव्हर कशाला?

काठी टेकत ते बाहेर आले, तर ड्रायव्हरनं मागचं दार उघडून त्यांनाच आधाराला हात दिला. "टेक युअर टाइम, सर."

"मी नाही, शी इज द पेशंट," म्हणत ते वळले. ऋजुता भिंत धरून एकेक पाऊल टाकत येत होती.

"अजून बॅलन्स येत नाहीये, बाबा. डॉक्टर ओके म्हणेपर्यंत नो ड्रायव्हिंग."

पुरुषोत्तमराव गोंधळले. अंतराळात जाण्याआधी बॅलन्सचंच कारण सांगून तिनं त्यांच्या गाडीच्या चाव्या काढून घेतल्या होत्या, आणि वर ज्येष्ठांचा फुकट बसपास हातात ठेवला होता. आठवडाभर ते तिच्याशी बोलले नव्हते. आता तिची कीव करावी की तिला दोन शब्द सुनावावेत, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी काठी तिच्या हातात दिली.

"किती दिवस हे असं?"

"दोन-तीन आठवडे. मग गाडी चालवू देतात," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ती गाडीत बसली. फाटकाला घट्ट धरून उभे असलेले पुरुषोत्तमराव म्हणाले, "तू गाडी चालवायला लागलीस की काठी आठवणीनं परत दे. मला लागणार आहे."