काळ्या दरवाजातली ती

मुलांनो, एक काळी गाडी डोळ्यांसमोर आणा, इतकी काळी की तिच्यात बघून भांग पाडता येईल. गाड्या चमकवणाऱ्या मावशीने तिचा एक दरवाजा आपल्या दहा वर्षांच्या भाचीला चमकवायला दिला होता.

"पॉलिश रंगाचा थर खरवडतं, वॅक्स ओरखडे नुसतं झाकतं," मावशी म्हणाली. "इथला थर आधीच पातळ झालाय. गुमान वॅक्स लाव, बयो."

"ओरखडे लपवायचे? मी नाही लपवणार!" भाचीने पॉलिशची बाटली उचलली.

पहिला हात फिरला तेव्हा दरवाजात तिचं प्रतिबिंब उमटलं. ती घासत होती, पण प्रतिबिंबाचे हात खाली होते.

दुसऱ्या हाताला ते मान हलवून नको नको म्हणू लागलं.

तिसऱ्या हाताला त्याने आतून तळवा टेकवला. फडक्यातूनही तो भाचीला गार लागला.

"मावशी, ही मला अडवतेय!"

मावशीने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "फडकं टाक आधी! थर कांद्याच्या पापुद्र्याएवढाही उरला नाहीये."

"ही कोण मला सांगणारी?" म्हणत भाचीने उरलेलं सगळं पॉलिश फडक्यावर ओतलं आणि नेमकं त्या तळव्यावरच जोर लावून घासायला घेतलं. थर फाटला, गार हाताने तिला आत ओढलं, आणि तेव्हापासून त्या दरवाजातून तीच मान हलवून नको नको म्हणते.