स्वतःचा नंबर

दुकानदारानं फोनच्या कडेला पिन टोचली, इवलासा ट्रे बाहेर ओढला आणि त्यात स्वतःचं कार्ड बसवलं. फोन चालू झाला. वरच्या कोपऱ्यात एक काडी उभी राहिली, मग दुसरी, मग एकदम चारही.

"हा लॉक आहे असं कोण म्हणालं तुम्हाला?" त्यानं विचारलं. "इथल्या कुठल्याही कंपनीचं कार्ड घाला, चालेल. याला कुलूप काय, साधी कडीसुद्धा नाही."

ती फोनकडे बघत राहिली. सात महिने तिनं तो घरातल्या वायफायवर वापरला होता. दाराबाहेर पाऊल टाकलं की त्याचा नुसता कॅमेरा व्हायचा. बाळंतपणासाठी आई इकडे परदेशात आली, ती हा फोन घेऊनच. विकणाऱ्यानं बजावून सांगितलंय, आई म्हणाली होती, याला बाहेरच्या देशातलं कार्ड चालत नाही. नवऱ्यानंही मान डोलावली. असतात असे फोन, म्हणाला, लॉक केलेले. उघडून घ्यायचे म्हणजे भानगड. तान्ह्या बाळापुढे तिला कुठलीच भानगड नको होती. दवाखान्याच्या कागदांवर, घरमालकाच्या कागदांवर, सगळीकडे नवऱ्याचा नंबर गेला.

नोकरीच्या अर्जावरसुद्धा.

तीन आठवड्यांपूर्वी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची मुलाखत झाली होती. निघताना तिथल्या मुख्य बाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही फोन करतो." तेव्हापासून नवरा घरी आला की बूट काढायच्या आत ती विचारायची, "कुणाचा फोन?" रोज एकच उत्तर, "नाही गं." काल मात्र तो वैतागला. "सोड आता तो नाद." म्हणून आज ती डायपर आणायचं निमित्त करून बाहेर पडली होती. स्वतःचा नंबर घ्यायचा आणि तो कळवायच्या मिषानं बाईंना विचारायचं, इतकंच.

तिनं कार्ड घेतलं. आईला त्या विकणाऱ्यानं बनवलं आणि नवऱ्यानं नीट तपासलंच नाही, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर दोघांची चांगली फिरकी घ्यायची, असंही तिनं ठरवलं.

बाळ उठायला अजून पंचवीस मिनिटं होती. दुकानाच्या पायरीवरच उभं राहून तिनं बाईंचा नंबर लावला, नाव सांगितलं आणि आपला नवा नंबर लिहून घ्यायला सांगितला.

"अरे, तुम्ही!" बाई म्हणाल्या. आवाजात ओळख होती, आनंद नव्हता. "नंबर कशाला देताय आता? तुम्हीच तर नाही म्हणालात."

"मी?"

"मागच्या सोमवारी संध्याकाळी फोन केला होता मी. जागा तुमचीच होती. तुमच्या मिस्टरांनी उचलला. कधीपासून येताय विचारलं, तर नुसतं हं हं. मग त्यांनी फोन तुमच्या आईंकडे दिला. त्या म्हणाल्या, बाळ लहान आहे, ती नाही येणार. मी म्हटलं, तिला द्या ना जरा. तर म्हणाल्या, हा तिचाच निरोप आहे."

"मग ती जागा..."

"भरली हो. परवाच एक मुलगी रुजू झाली. वाईट वाटलं मला. तुम्ही हव्या होतात."

सोमवार संध्याकाळ. ती बाळाला आंघोळ घालत होती, नळ चालू होता. टॉवेलात गुंडाळून त्याला बाहेर आणलं तेव्हा दोघं सोफ्यावर गप्प बसले होते. "काय झालं?" तिनं विचारलं होतं. "काही नाही, चहा टाकू का?" असं आई म्हणाली होती.

घराकडे ती जवळजवळ पळतच निघाली. डायपर राहिलेच. नवऱ्याला काय काय बोलायचं, ते डोक्यात आपोआप रचलं जात होतं. सात महिने. सात महिने त्यानं तिला एका खोट्यावर घरात बसवून ठेवलं होतं. आणि वर आईला पुढे केलं! आई तरी काय करणार? जावयाच्या घरात राहायचं, त्यानं काढलेल्या तिकिटावर आलेली, त्यानं फोन हातात कोंबला तर जे बोलायला सांगितलं असेल ते बोलली. तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलेली, लेकीला एमएस्सी करायला लावणारी बाई ती. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर तिनं आईला पुरतं माफ करून टाकलं.

आई बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती.

"आई, फोन लॉक नाहीये. कधीच नव्हता. प्रयोगशाळेतल्या बाईंशी बोलले मी आत्ता."

थोपटणारा हात थांबला नाही.

"जावयांना काही बोलू नकोस," आई हलक्या आवाजात म्हणाली, बाळाची झोप मोडू नये म्हणून. "तू दीड वर्षाची होतीस. मी शाळा सुटल्यावर तुला घ्यायला आले की तू शेजारच्या काकूंच्या खांद्यात तोंड लपवायचीस. त्यांना आई म्हणायचीस. तुझ्या वाट्याला ते यायला नको होतं मला."

"पण म्हणून त्यानं तुला यात ओढायचं? खोटं बोलायला लावायचं?"

"त्यांनी?" आईनं मान वर केली. "अगं, ते तर पहिल्याच आठवड्यात तुझ्यासाठी कार्ड घेऊन आले होते. मीच परत करायला लावलं."