गाडी जिथे अडखळते

दोष कार्बुरेटरमध्ये आहे, असा अंधेरीच्या एका मोठ्या गॅरेजचा सही-शिक्क्यानिशी निर्वाळा होता. हवेवर थंड होणारे जुने जर्मन एंजिन मुंबईच्या उकाड्यात तापते, पेट्रोलच्या वाटेत कचरा साचतो आणि ऐन वेगात गाडी अडखळते. सबब कार्बुरेटर बदलावा. मधुकररावांनी हा निर्वाळा पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. निकाल वाचताना न्यायाधीश मान वर करत नाहीत; त्यांनीही केली नाही.

मृणालिनीबाई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. एखाद्या विधानाकडे त्या शांतपणे पाहत राहिल्या, की ते सहसा टिकत नसे. उकाडा हे कारण मानावे, तर मे महिन्याच्या भर दुपारी चार माणसांनिशी कसारा घाट चढताना हीच बीटल गाडी कुरकुरली नव्हती, आणि जानेवारीतल्या गार सकाळी सपाट रस्त्यावर अडखळली होती. कचरा हे कारण मानावे, तर कचऱ्याला पत्ता ठाऊक असला पाहिजे. कारण घाटकोपरहून ठाण्याला दर रविवारी दिरांकडे, अण्णांकडे जाताना गाडी अडखळे ती एकाच जागी, मुलुंडच्या पाच रस्त्याच्या जरा पुढे. परतताना ती दोघे हायवेने येत; तेव्हा एकदाही नाही. आणि मधुकररावांचा खांदा धरला होता तेव्हा पुतण्या श्यामकांतने त्याच वाटेने गाडी नेली, तर त्या जागेवरून ती सरळ निघून गेली होती. जिथे धूर तिथे विस्तव, हे वर्गातली कोणतीही मुलगी सांगू शकते. विस्तव नसला की धूरही नसतो, हे पडताळण्यासाठी मात्र चुलीपाशी जावे लागते.

म्हणून चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मृणालिनीबाई रस्त्याकडे न पाहता नवऱ्याच्या पायाकडे पाहत बसल्या.

त्यांच्या घरात चार वर्षे एका नावाला बंदी होती. शुभाने स्वतःच्या मर्जीने, जातीबाहेर लग्न केले, त्या दिवशी मधुकररावांनी मोरीत बसून जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ केली. तिचे नाव, पत्ता, पत्र यांतले काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही, असे ओल्या अंगानेच जाहीर केले. मृणालिनीबाईंनी तो हुकूम पाळला; शिकलेल्या बायका हुकूम फार काटेकोरपणे पाळतात. फक्त बाजारात एखादी पाठमोरी मुलगी शुभासारखी मान कलती करून चालताना दिसली, की मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच राही. मग भाजीवाली सुंदराबाई म्हणे, "बाई, घ्यायची हाय का नुसती धरायची?"

पाच रस्ता मागे पडला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. मधुकररावांची मान किंचित उजवीकडे वळली आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद वर आला. गाडीने आचका दिला.

मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, कासव झोपलं काय?"

"बघितलंस?" मधुकरराव म्हणाले. "पुन्हा तेच. कचरा."

"बघितलं. गाडी बाजूला घ्या."

"अगं, इथं कुठं? अण्णा जेवायचे थांबलेत."

"अण्णा आपल्यासाठी आजवर कधी जेवायचे थांबलेत? घ्या बाजूला."

गाडी कडेला उभी राहिली. एंजिन मागच्या बाजूला शिवणयंत्रासारखे एका लयीत चालत राहिले. त्याच्या बाजूने आणखी कुणी साक्ष द्यायची गरज नव्हती.

"पाय तुम्ही उचललात."

"काहीतरीच बोलू नकोस."

"उजवीकडे बघितलंत आणि पाय उचललात. दर रविवारी हेच करत असणार. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात कार्बुरेटर. मग त्या एका शब्दासाठी गॅरेज गाठलंत, शिक्का आणलात." मृणालिनीबाईंचा आवाज वर्गात असे तेवढाच होता. "श्यामकांतला उजवीकडे बघायचं काही कारण नव्हतं. मला दिसत नाही, मध्ये तुम्ही असता. इथं कोण राहतं?"

मधुकररावांनी एंजिन बंद केले. रस्त्यावरून एक दूधवाला सायकल रेटत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्याकडेच पाहत राहिले.

"चार वर्षं मी तिचं नाव काढलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर नाही, देवासमोरसुद्धा नाही. ती जेवते-खाते का, कुठं राहते, कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, निदान तुम्हीही तसेच जगताय. आणि तुम्ही..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडले. अपुरे वाक्य त्या विद्यार्थिनींनाही सोडू देत नसत.

हुकूम काढणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळावे, यात राज्यशास्त्राच्या दृष्टीने नवे काही नाही. नवे होते ते एवढेच, की मधुकररावांनी आता सीट मागे सरकवली, पाठ टेकली आणि श्वास आत ओढून घेतला. त्यांच्या छातीपलीकडून समोरची पिवळी इमारत मृणालिनीबाईंना दिसू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुणी नव्हते. दोरीवर कपडे होते. त्यांचा आकार इतक्या लांबून कळत नव्हता. मृणालिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

यानंतर मधुकरराव जे बोलले, ते जसेच्या तसे असे:

"पाय मीच उचलतो. आधी नुसती तिची साडी दिसली तरी पुरायचं. दिवाळीपासून दोरीवर दुपटी वाळतायत, मृणाल. मला ठाऊक होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."