बापाचा वर्ग

“बाप कुठाय?” परीक्षकांनी विचारलं.

रिंगणात डीअरहाउंड जातीचे पाच कुत्रे एकामागे एक उभे होते, प्रत्येकाची दोरी आपापल्या मालकाच्या हातात. उंच, राखाडी, खरखरीत केसांचे. चेहरा पाचांचा एकच, सकाळीच कसलीतरी वाईट बातमी कळल्यासारखा. त्यांच्या पुढे, त्यांच्या बापाच्या, टॉर्किलच्या जागी, व्हर्ना लिंडाल उभी होती. दंडावर टॉर्किलचा नंबर बांधलेला, हात रिकामे.

“गेला,” ती म्हणाली. “मंगळवारी.”

मिनेसोटातल्या जत्रेच्या मैदानावरची ती गुरांची शेड होती; आज तिथे डीअरहाउंड क्लबचं श्वानप्रदर्शन होतं. घडीच्या खुर्च्यांवर क्लबची माणसं मांडीवर कागदी बशा घेऊन बसली होती. चमचे थांबले.

स्पर्धेतल्या या वर्गाची गंमत अशी, की परीक्षा पोरांची होते आणि बक्षीस बापाला मिळतं. पोरं जितकी बापासारखी, तितका बाप थोर. टॉर्किल मागच्या दोन्ही वर्षी जिंकला होता. त्याचा चेहरा नसलेला डीअरहाउंड शोधायचा तर दुसऱ्या राज्यात जावं लागलं असतं, आणि तिथेही बहुधा व्हर्नानंच एक पिल्लू दिलेलं निघालं असतं.

मागून ऑरिन ट्वेट पुढे झुकला. क्लबचा अध्यक्ष आणि व्हर्नाचा जुना मित्र. त्याच्या हातातल्या दोरीला टॉर्किलचा थोरला मुलगा, ब्रॅम.

“अगं, फोन तरी करायचास. पोटाला पीळ पडला ना?”

या क्लबात कुत्री पोटानंच जायची. पोटाला पीळ कुणाच्याही पडू शकतो. त्यात वंशाचा दोष नसतो, पिल्लं विकणाऱ्याला कुणापासून तोंड लपवावं लागत नाही. टॉर्किलचा बाप पोटानं गेला होता. आजोबाही पोटानंच. दोघेही धावता धावता कोसळले होते, पण ते कुणी फार उकरलं नव्हतं.

व्हर्नानं दंडावरचा नंबर सरळ केला. मग तिच्या वतीनं ऑरिननंच मान हलवली आणि खुर्च्यांकडे बघून म्हणाला, “पोट.”

“अरेरे,” खुर्च्या म्हणाल्या.

“पाच वर्षं म्हणजे काही जायचं वय नव्हे,” परीक्षक म्हणाले. “बापाशिवाय हा वर्ग घेता येत नाही, बाई. पण त्याच्या नावानं एक फेरी मारा. तुम्ही पुढे चला.”

व्हर्ना पुढे चालू लागली. गुडघे दुखत होते. मागे पाचही कुत्री पाण्यावरून आल्यासारखी तरंगत येत होती. टाळ्या सुरू झाल्या.

“ब्रॅम आहे ना, व्हर्ना,” ऑरिन पाठीमागून हलक्या आवाजात सांगत होता. “काही संपलेलं नाही. उद्या सकाळी ती डुलूथची मादी येतेय त्याच्याकडे. पिल्लांना गिऱ्हाइकं आत्ताच रांगेत आहेत. एकाचं नाव टॉर्किल ठेवायला लावतो, बघ तू.”

मंगळवारी टॉर्किल ओसरीवरून पाणी प्यायला निघाला होता. मधेच थांबला. काहीतरी विसरल्यासारखं व्हर्नाकडे बघितलं आणि आडवा झाला. डॉक्टरनं त्याला उघडून हृदय स्टीलच्या ताटात ठेवलं. जुन्या मोज्यासारखं ताणून सैल झालेलं. “याला पोरं आहेत का?” त्यानं विचारलं होतं.

“आहेत थोडी,” व्हर्ना म्हणाली होती.

फेरी संपली. रांग थांबली. व्हर्ना मागे वळली.

“ऑरिन, पोट नव्हतं. हृदय होतं.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. मागे सांग.”

“इथे? अगं, लोक बघताहेत!”

“म्हणूनच इथे. कॉफीच्या टेबलापर्यंत जाईतो तुम्ही त्याचं पुन्हा पोट कराल.”

“मी एकटा करतो काय? त्याच्या बापाच्या वेळी पोट कुणी म्हटलं होतं?”

“मी,” व्हर्ना म्हणाली. “आता मागे सांग.”

“बाई, हे सगळं तुझं आहे,” ऑरिनचा आवाज चिरकला. “या पाचांत रक्ताचा एक थेंब दुसऱ्याचा नाही. सांगितलं तर उद्या तुझ्या दारात कुणी उभं राहणार नाही.”

“ठाऊक आहे.”

ऑरिन ब्रॅमकडे बघत राहिला. ब्रॅमनं त्याच्या खिशाचा वास घेतला. खिशात भाजलेली कलेजी होती. मग ऑरिन मागे वळून दोन शब्द बोलला.

रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी पुढे सरकते, तसे ते दोन शब्द मागे मागे गेले. जो तो खालच्या आवाजात, शेजाऱ्याच्या तोंडाकडे न बघता. रांगेच्या टोकाला कर्स्टी होती. तरुण पोर, पहिलंच कुत्रं.

“हृदय? कुणाचं?” तिनं विचारलं.

पुढच्यानं तिच्या कुत्र्याकडे बघितलं. कर्स्टी आपल्या कुत्र्याशेजारी गुडघ्यांवर बसली. डाव्या कोपराच्या मागे, बरगड्यांवर, तिनं तळवा ठेवला आणि मान खाली घातली. मग तिच्या पुढचा बसला. मग त्याच्या पुढची. शेवटी ऑरिन खाली बसला आणि त्यानं ब्रॅमच्या बरगड्यांना कान लावला.

पाच माणसं पाच कुत्र्यांशेजारी गुडघ्यांवर, निश्चल. कुत्री त्यांच्या डोक्यांवरून लांब कुठेतरी बघत होती.

“अशी रांग जन्मात पाहिली नाही!” खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं. माणसं उभी राहिली, टाळ्या वाढल्या, शेडचे पत्रे दणाणले.

ऑरिननं डोकं न उचलता एक हात वर केला.

“गप्प बसा रे जरा,” तो म्हणाला. “काही ऐकू येत नाहीये.”