सोड्यांची खिचडी

"आज परत दुधी," तारमास्तर दिघ्यांनी यंत्रावर कट्ट-कडकट्ट करत कळवलं. "सोड्यांची खिचडी खाऊन किती दिवस झाले!" दुपारी लाईन मोकळी असली, की पुढच्या गावच्या तारमास्तराशी त्यांच्या अशा गप्पा चालत.

संध्याकाळी ऑफिसला लागूनच असलेल्या बिऱ्हाडात ते जेवायला बसले, तर पानात वाफाळती सोड्यांची खिचडी. हे नेहमीचंच.

"माझ्या मनातलं तुला बरं कळतं गं!"

"कळतं आपलं," म्हणत कुमुदनं तुपाची धार सोडली.

दुसऱ्या दिवशी दिघ्यांनी दोस्ताला बायकोचं भरभरून कौतुक ऐकवलं. भिंतीपलीकडे ती पापड लाटत गात होती. "लाखात एक आहे," त्यांनी शेवटी ठोकलं, "फक्त तिनं गाऊ नये. देवसुद्धा देव्हाऱ्यातून उठून जाईल."

गाणं तटकन थांबलं.

दिघ्यांचा हात यंत्रावर तसाच राहिला. लग्नानंतर खात्याच्या परीक्षेसाठी ते पाटावर ठोके वाजवून सराव करत आणि ही समोर बसून अक्षरं सांगे. पास ते झाले होते. शिकली तीही होती.

घाम पुसत त्यांनी पेन्सिलीनं भिंतीवर ठोकलं, "चुकलो. गा."

मग पलीकडून लाटण्याचे ठोके आले. शेवटच्या ठोक्याआधी जरा थबकायची खोड थेट दिघ्यांचीच.

"उद्या दुधी."

आणि गाणं सुरू झालं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत.